संघ दौऱ्यावर जातो म्हणजे काय करतो?

१. उन्हाळा नेमका कुणाचा?

उमरीत मे महिन्याच्या दुपारी स्टेशनपासून गावात चालत जायचं म्हटलं तर माणूस आधी डोक्याला उपरणं गुंडाळतो, मग विचार करतो. अशा मुलखात कुणी सांगितलं, की अमुक देशाचा संघ ‘समर टूर’ला, म्हणजे उन्हाळी दौऱ्यावर निघाला आहे, की ऐकणारा हमखास विचारतो : एवढ्या उन्हात खेळायला परदेशी कशाला जायचं? आणि ज्याच्या घरी टीव्हीवर रग्बीचे सामने लागतात त्याचा प्रश्न नेमका उलटा असतो. जुलैमध्ये इंग्लंडचा किंवा आयर्लंडचा संघ न्यूझीलंडला उन्हाळी दौऱ्यावर गेला म्हणे, आणि स्टेडियममधले लोक तर कानटोप्या घालून बसलेत. मग यात उन्हाळा कुठला?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर भूगोलाच्या शालेय पुस्तकातच आहे. पृथ्वीचा आस कललेला आहे. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तेव्हा दक्षिण गोलार्धाची पाठ वळलेली असते. म्हणून लंडनला जूनमध्ये उन्हाळा, तर ऑकलंडला हिवाळा. आपला उन्हाळा मेमध्ये संपतो त्याचं कारण वेगळं. जूनमध्ये सूर्य आपल्याही डोक्यावरच असतो, पण मृगाचे ढग येऊन त्याला झाकतात. लंडनला झाकणारं असं कुणी नसतं. तिकडं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस साडेसोळा तासांचा होतो, रात्री नऊनंतर सूर्य मावळतो.

आता दोन खेळ शेजारी शेजारी ठेवून पाहा. क्रिकेटला कोरडी जमीन आणि लांब दिवस लागतो, त्यामुळे क्रिकेटचा संघ यजमानाच्या उन्हाळ्यात जातो. भारत इंग्लंडला जातो तो जून ते ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियाला जातो तो नोव्हेंबर ते जानेवारीत. रग्बीचं गणित निराळं. तिथं माणूस माणसाला धरून आडवा पाडतो, दर मिनिटाला कुणी ना कुणी जमिनीवर असतो. जमीन मऊ हवी, हवा थंड हवी. म्हणून रग्बी हा हिवाळी खेळ. युरोपातला रग्बीचा हंगाम सप्टेंबरला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्यानंतर तिथल्या खेळाडूंना सवड असते, आणि त्याच वेळी दक्षिणेतल्या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेत हिवाळा, म्हणजे रग्बीचा ऐन मोसम असतो. मग उत्तरेचे संघ दक्षिणेला जातात. नोव्हेंबरात उलटी फेरी होते.

थोडक्यात, क्रिकेटच्या दौऱ्यात उन्हाळा यजमानाचा असतो, रग्बीच्या दौऱ्यात पाहुण्याचा. मुंबईत रग्बी खेळतात ती पावसाळ्यात, याचंही कारण हेच. बॉम्बे जिमखान्याचं मैदान पावसानं भिजलं, की पडणाऱ्याचं अंग वाचतं. आपल्या काळ्या रानात एप्रिलमध्ये भेगा पडलेल्या असतात. तिथं कुणाला आडवं पाडलं तर खेळाडूला थेट हाडांच्या डॉक्टरकडेच न्यावं लागेल.

२. मालिका आणि दौरा

वर्तमानपत्रं हे दोन शब्द अदलाबदलीनं वापरतात. पण लग्नाला जाऊन जेवून येणं वेगळं आणि त्या घरी नांदायला जाणं वेगळं. मालिका म्हणजे ठरलेले तीन किंवा पाच सामने. दौरा म्हणजे परक्या देशात काही महिने राहणं : तिथलं खाणं, तिथला पाऊस, तिथली पंचगिरी, तिथल्या लहान-मोठ्या संघांशी आठवड्यामागून आठवडे खेळणं, आणि त्यातच अधूनमधून ते मोठे सामने, ज्यांना क्रिकेटमध्ये आणि रग्बीतही ‘कसोटी’ म्हणतात.

एक हिशेब मांडू. १९७१ साली अजित वाडेकरांचा भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात तो प्रथम दर्जाचे १९ सामने खेळला. त्यांतले कसोटी फक्त ३, म्हणजे उरले १६. कसोटी ५ दिवसांची आणि काउंटीशी म्हणजे तिथल्या परगण्याच्या संघाशी होणारा सामना ३ दिवसांचा. कसोटीचे १५ दिवस आणि बाकीचे ४८. कागदावर एकूण ६३ दिवसांचा खेळ, त्यात पाऊणहून जास्त दिवस असे, ज्यांची आज कुणाला आठवण नाही.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते त्या ४८ दिवसांविषयी.

३. खर्च कोण करायचं?

सुरुवातीला राष्ट्रीय संघ नावाची वस्तूच नव्हती. ज्याच्या गाठीला पैसा किंवा ज्याच्या डोक्यात धंदा, त्यानं संघ जमवायचा. मुंबईच्या पारशी मंडळींनी १८८६ मध्ये इंग्लंडचा पहिला दौरा केला. २८ सामने खेळले, १९ हरले, ८ अनिर्णित राहिले आणि एक जिंकला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पारशी दोनच वर्षांनी पुन्हा गेले. १८८८ च्या त्या दौऱ्यात ३१ पैकी ८ सामने जिंकले, आणि मेहल्लाशा पावरी या वैद्यकीच्या माणसानं एकट्यानं १७० बळी घेतले. पहिल्या दौऱ्यात खाल्लेला मार दुसऱ्या दौऱ्यात कामाला आला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

त्याच १८८८ साली इंग्लंडहून एक रग्बी संघ बोटीनं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला निघाला. आज ज्यांना ‘ब्रिटिश अँड आयरिश लायन्स’ म्हणतात त्यांचा हा पहिला दौरा. गंमत म्हणजे तो भरवणारे आल्फ्रेड शॉ आणि आर्थर श्रूजबरी हे दोघं क्रिकेटपटू. क्रिकेटचे संघ परदेशी नेऊन तिकिटावर पैसा करता येतो हे त्यांनी ताडलं होतं, तोच प्रयोग रग्बीवर केला. संघ मार्चमध्ये निघाला आणि नोव्हेंबरात परतला. रग्बीचे ३५ सामने झाले. कर्णधार रॉबर्ट सेडन मात्र परत आला नाही. ऑस्ट्रेलियात हंटर नदीत होडी चालवताना तो बुडून मेला. त्याच्या जागी अँड्र्यू स्टोडार्ट कर्णधार झाला, आणि हा स्टोडार्ट पुढे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचाही कर्णधार झाला. त्या काळी दोन खेळांमधली भिंत फारच ठेंगणी होती.

४. १९११ : राष्ट्राआधी राष्ट्रीय संघ

‘ऑल इंडिया’ या नावानं पहिला संघ इंग्लंडला गेला तो १९११ च्या उन्हाळ्यात. देश पारतंत्र्यात, क्रिकेटचं मंडळ अजून जन्माला यायचं होतं, आणि संघ निवडला होता जमातवार : पारशी इतके, हिंदू इतके, मुसलमान इतके. खर्च संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या वर्गणीतून. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं एकोणीस. इंग्लंडात त्याच जूनमध्ये राजा पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराजांचं लक्ष मेजवान्यांकडं जास्त आणि मैदानाकडं कमी होतं. काही सामने खेळून ते संघापासून बाजूला झाले. ज्याच्या नावावर दौरा निघाला तोच दौऱ्यात नाही, असा प्रकार.

दौरा ओढला तो एका मराठी माणसानं. पाळवणकर बाळू. घराणं मूळचं रत्नागिरीजवळच्या पाळवणचं, समाज चर्मकार, वडील लष्करात नोकरीला. बाळू पुण्यात आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचं, रोलर फिरवायचं काम करत, पगार महिना ३ रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तिथं जाळी लावायची, खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. फलंदाजीला साहेब आणि गोलंदाजीला बाळू, हा शिरस्ता. तासन् तास चेंडू टाकून डावखुऱ्या मंदगती फिरकीवर जी पकड आली ती तिथं आली. ग्रेग नावाचा एक उत्तम फलंदाज तर आपल्याला बाद केल्याबद्दल दर खेपेला आठ आणे द्यायचा, असं सांगतात.

पुण्याच्या हिंदू क्लबानं पुढं त्यांना संघात घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं तर बाळूशिवाय भागत नव्हतं. मैदानावर ते ज्या चेंडूला हात लावत त्याच चेंडूला बाकीचेही हात लावत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही आणि पेल्याला आहे, हे तर्कशास्त्र ज्यांना पटत होतं ते शिकलेसवरलेले लोक होते, हे विसरू नये.

तर असे बाळू पस्तिशीत इंग्लंडला पोहोचले, बरोबर धाकटे भाऊ शिवराम. आणि त्या वर्षीचा इंग्लंडचा उन्हाळा विलक्षण तापला होता. ऑगस्टच्या ९ तारखेला पारा ३६ अंशांच्या पुढे गेला. उमरीकरांना हसू येईल, पण इंग्लंडात तो उच्चांक पुढं जवळजवळ ऐंशी वर्षं टिकला. म्हणजे ज्या ओल्या, चिकट खेळपट्टीवर मंदगती फिरकी गोलंदाजाला बळी मिळतात, ती बाळूंच्या वाट्याला फारशी आलीच नसणार. तरी त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, एकेक बळी सरासरी १९ धावांच्या आतच. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले.

संघाचं काय झालं? २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. पहिला विजय मिळाला तो जुलैत, लिस्टरशायरवर. पुढं सॉमरसेटलाही हरवलं, अवघा एक गडी राखून. जूनमधले आणि जुलै-ऑगस्टमधले निकाल वेगवेगळे लावून पाहिले तर दोन निराळे संघ खेळले असं वाटावं. माणसं तीच होती. मधल्या सामन्यांनी त्यांना शिकवलं होतं.

बाळू परतले तेव्हा मुंबईत त्यांचे सत्कार झाले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, आणि त्यांनी गोऱ्यांना हरवून दाखवलं. माझ्या मते भारतीय क्रिकेटचा खरा पहिला दौरा बाळूंचा होता. महाराजांचं नाव फक्त पाटीवर.

५. हवा, माती आणि शिवण

आता मधल्या सामन्यांत शिकतात म्हणजे काय शिकतात, ते पाहू.

क्रिकेटच्या चेंडूच्या पोटावरून दोऱ्याची उंच शिवण जाते. गोलंदाज चेंडूची एक बाजू पँटवर घासून चकचकीत ठेवतो, दुसरी खरखरीत होऊ देतो. शिवण किंचित तिरकी धरून चेंडू टाकला, की दोन्ही बाजूंनी हवा सारखी वाहत नाही आणि चेंडू हवेतच एका अंगाला झुकतो. हा झाला स्विंग. तो जमिनीला लागल्यावर शिवणेवर पडून वळला तर ती निराळी करामत. इंग्लंडात वापरतात त्या ड्यूक चेंडूची शिवण उठावदार असते आणि हिरवळ दाट असल्यामुळे त्याची लकाकी लवकर जात नाही. आपल्याकडच्या टणक मैदानावर चेंडू थोड्याच षटकांत खरबरीत होतो. ढगाळ हवेत चेंडू जास्त झुकतो, असं क्रिकेटपटू शपथेवर सांगतात. त्याच्या कारणाबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, फलंदाजांत आहे.

शिवाय महिन्यामहिन्यानं जमीन बदलते. जूनच्या सुरुवातीला वसंतातली ओल खेळपट्टीत मुरलेली असते, ऑगस्ट उतरेपर्यंत ती वाळते, झिजते, आणि फिरकीला साथ देऊ लागते. म्हणून त्याच मैदानावरचा जूनमधला सामना आणि ऑगस्टमधला सामना यांत कायम अंतर असतं.

१९५२ चं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. सांगलीच्या विजय हजारेंचा संघ. ५ जूनला लीड्समध्ये पहिली कसोटी. पहिल्या डावात विजय मांजरेकरनं १३३ आणि हजारेंनी ८९ धावा केल्या, दोघांनी मिळून २२२ जोडल्या. दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य आणि चार गडी बाद. फ्रेड ट्रूमन नावाचा पोरगा पहिलीच कसोटी खेळत होता, चारपैकी तीन त्यानं काढले. बाद झालेल्या चौघांत पहिल्या डावाचा शतकवीर मांजरेकरही होता! पुढच्या महिन्यात मँचेस्टरला तर एकाच दिवसात भारताचे दोन्ही डाव आटोपले, ५८ आणि ८२. नुसतं कसब असून भागत नाही, वेगवान चेंडू अंगावर यायची सवय असावी लागते, आणि ती सवय लावणारा गोलंदाज तेव्हा आपल्याकडं कुणी नव्हता. ही सवय काउंटीचे मधले सामनेही सगळी लावू शकत नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे.

  

६. १९७१ : ओव्हलचा सोमवार आणि मंगळवार

वाडेकरांच्या संघात सतरा जण होते. मुंबईचे वाडेकर, गावसकर, सोलकर, अशोक मंकड, मूळचे गोव्याचे सरदेसाई ही नावं मराठी वाचकाला पाठ आहेत. पण आपण नांदेडकडची माणसं, आपली गाडी जितकी मुंबईला जाते तितकीच हैदराबादला. म्हणून हेही नोंदवतो की संघातले पाच जण हैदराबादचे होते : आबिद अली, अब्बास अली बेग, जयंतीलाल, कृष्णमूर्ती आणि गोविंदराज. आबिद अलीला लक्षात ठेवा.

दौऱ्यावर नेलेल्यांपैकी भागवत चंद्रशेखर ही मोठी जोखीम मानली जात होती. लहानपणी पोलिओनं उजवा हात बारीक झालेला, आणि त्याच हातानं तो झपाट्यानं लेगब्रेक-गुगली टाकायचा. तीनेक वर्षं तो कसोटीपासून दूर होता. अशा गोलंदाजाला थेट कसोटीत उतरवणं म्हणजे जुगार झाला असता. काउंटी सामन्यांत तो षटकांमागून षटकं टाकत राहिला, टप्पा बसला, हात मोकळा झाला. दौऱ्यातले १९ पैकी ७ सामने भारतानं जिंकले, एक हरला, ११ अनिर्णित राहिले. त्या सातांत कसोटी एकच, म्हणजे सहा विजय या मधल्या सामन्यांतले. आपण इथं जिंकू शकतो हे संघाला त्यांनीच सांगितलं.

लॉर्ड्सवर जिंकायला १८३ हव्या होत्या, ८ बाद १४५ असताना पाऊस आला. त्याच सामन्यात चोरटी धाव घेताना जॉन स्नोनं गावसकरला धक्का देऊन पाडलं, आणि इंग्लंडनंच त्याला पुढच्या कसोटीतून वगळलं. मँचेस्टरला शेवटचा दिवस पावसानं धुऊन गेला. तिथं मात्र पाऊस आपल्या मदतीला आला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग ओव्हल, १९ ऑगस्ट. इंग्लंड तोवर सलग २६ कसोटी अपराजित. त्यांच्या ३५५, आपल्या २८४. मधला एक पूर्ण दिवस पावसात गेला. सोमवारी, २३ तारखेला, इंग्लंडचा दुसरा डाव सुरू झाला. लकहर्स्टनं सरळ मारलेला चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून पलीकडच्या यष्ट्यांवर गेला आणि क्रीजबाहेर गेलेला जेमसन धावचीत झाला. एवढ्यानं दार किलकिलं झालं. एड्रिच खेळायला आला. सरदेसाईंनी चंद्राला हाक मारून ‘मिल रीफ’ टाकायला सांगितलं, अशी आठवण आहे. मिल रीफ हा त्या वर्षी डर्बी जिंकलेला घोडा, म्हणजे आपला वेगवान चेंडू टाक. एड्रिचची बॅट खाली येण्याआधी त्रिफळा उडाला होता. पुढच्याच चेंडूवर फ्लेचरचा झेल सोलकरनं घेतला. उपाहाराला ३ बाद २४.

सोलकरविषयी दोन शब्द हवेत. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे माळी, म्हणजे मैदान राखणारे. सोलकर त्या मैदानाच्या कडेच्या खोपटात वाढला. खेळपट्टीवर रोलर फिरवणाऱ्या बाळूंच्या दौऱ्याला साठ वर्षं झाली होती, आणि त्याच धंद्यातल्या माणसाचा मुलगा आता फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर, हेल्मेटशिवाय, शॉर्ट लेगला वाकून उभा होता. पहिल्या डावात ९० धावा केलेला ॲलन नॉट आता पुन्हा खेळपट्टीवर होता. तो टिकला असता तर सामना हातचा गेला असता. व्यंकटराघवनचा चेंडू त्यानं पुढं पाय टाकून अलगद दाबला. सोलकरनं पुढं झेप घेतली, अंग जमिनीला समांतर, आणि चेंडू टेकायच्या आत बोटं खाली घातली. इंग्लंड सर्व बाद १०१. चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी.

हव्या होत्या १७३. सोमवारअखेर २ बाद ७६, वाडेकर ४५ वर. मंगळवारी खेळ सुरू होताच वाडेकर धावचीत. ते आत गेले आणि चक्क झोपले. धावा मुंगीच्या पावलांनी होत होत्या : सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, फारुख इंजिनियर नाबाद २८. कुणीतरी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, कारण त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मराठवाड्यात घरोघर गणपती बसले होते आणि इकडं ओव्हलला दुपारी आबिद अलीनं लकहर्स्टला चौकार मारला. १७४, ६ बाद. इंग्लंडचा माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यानं जाऊन वाडेकरांना उठवलं.

७. रग्बीत एवढं का जमत नाही?

क्रिकेटपटू तीन दिवस खेळून दोन दिवसांनी पुन्हा उभा राहतो. रग्बीत ते शक्य नाही. पंधरा-पंधरांचे संघ, ८० मिनिटं. चेंडू हातानं फक्त मागे किंवा आडवा फेकता येतो, म्हणून पुढं सरकायचं तर अंगावर येणाऱ्याला भिडावंच लागतं. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. आठ माणसांचं वजन सरासरी ११० किलो धरलं तर एका बाजूचं झालं ८८० किलो. दुसरी बाजूही तितकीच. मधल्या माणसाच्या मानेवर काय येत असेल, ते गुणाकारानं कळत नाही.

एवढ्यानंतर अंगाला आठवडा लागतो. म्हणून रग्बीच्या दौऱ्यावर दोन संघ पुरतील एवढी माणसं नेतात : शनिवारी कसोटीवाले खेळतात, मंगळवारी-बुधवारी उरलेले स्थानिक संघांशी. या आठवड्यामधल्या संघातून कुणी शनिवारच्या संघात चढतो, कुणी दुखापतीच्या जागी येतो. न्यूझीलंडचा १९०५ चा संघ असाच लांब दौरा करून ३५ सामन्यांत फक्त एक हरला, कार्डिफला वेल्सकडून, ३-०. लायन्स आजही चार वर्षांतून एकदा निघतात. यजमान देश तीन, पाळीपाळीनं, म्हणजे एकेका देशाच्या वाट्याला ते बारा वर्षांनी येतात. न्यूझीलंडचा खेळाडू दहा वर्षं चमकला तरी लायन्सशी एकदाही खेळला नाही, असं होऊ शकतं.

भारतात रग्बी जुनी आहे, संघ नवा आहे. कलकत्त्याच्या क्लबानं १८७८ मध्ये गाशा गुंडाळताना बँकेतले उरलेले चांदीचे रुपये वितळवून करंडक केला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात. भारताचा राष्ट्रीय संघ मात्र पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला १९९८ मध्ये, सिंगापूरला. त्यात मुंबईचा राहुल बोस होता, जो तुम्हाला सिनेमातून ठाऊक असेल. महिलांचा पंधरा जणींचा संघ २०१८ च्या जूनमध्ये पहिल्यांदा सिंगापूरला गेला, कर्णधार पुण्याची वाहबिज भरुचा. सामने हरले. पुढच्याच जूनमध्ये मनिलाला याच संघानं सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. रग्बीत चेंडू रेषेपलीकडं टेकवला की ५ गुण, त्यानंतरची यशस्वी लाथ २, आणि दंडाची लाथ ३. अखेरच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकनं दंडाची लाथ खांबांमधून धाडली, आणि त्या तिनांवर सामना फिरला. पहिला दौरा हरून दुसऱ्यात जिंकणं, हे पारशांच्या १८८६-८८ सारखंच झालं.

८. आताचे दौरे

२०२५ मध्ये शुभमन गिलचा संघ इंग्लंडला गेला. २० जून ते ४ ऑगस्ट, पाच कसोटी, मालिका २-२. ओव्हलला शेवटचा सामना ६ धावांनी जिंकला, तो १९७१ इतकाच चवीनं सांगितला जाईल. काउंटीशी सामने किती? एकही नाही. भारत ‘अ’ संघ आधी जाऊन दोन सामने खेळला, मुख्य संघानं आपापसांत एक सराव सामना केला, आणि लीड्सला पहिली कसोटी हरली.

कारणं उघड आहेत. आयपीएल जूनपर्यंत लांबते, तीन दिवसांचा काउंटी सामना टीव्हीला विकला जात नाही, आणि काउंट्याही पाहुण्यांसमोर आपली मुख्य माणसं उतरवत नाहीत. रग्बीतही तेच झालं. लायन्स सोडले तर मधल्या आठवड्याचे सामने बहुतेक संपले. विमान दहा तासांत पोहोचवतं, पण शरीराला आणि नजरेला पोहोचायला आठवडे लागतात. आजचे खेळाडू १९७१ पेक्षा तगडे आहेत, पैशानं तर फारच. तरीही एखादा चंद्रशेखर आज तीन वर्षांनी परत येत असेल, तर त्याला हात मोकळा करायला दौऱ्यात जागा उरलेली नाही. हे नुकसान आहे, आणि ते व्यापाऱ्यानं केलं आहे, काळानं नव्हे.

पुढच्या दौऱ्याचा कार्यक्रम पेपरात छापून येईल तेव्हा कसोटीच्या तारखा नंतर पाहा. आधी खालच्या बारीक अक्षरांत मधले सामने किती आहेत ते मोजा, आणि पहिल्या कसोटीचा अंदाज त्यावरून बांधा.